आधी बादल्या मोजा, मग गीझर घ्या

नागपुरात गरम पाण्याची आठवण होते ती दिवाळीच्या पहाटे. गॅसवर गंजभर पाणी चढतं, ते तापेपर्यंत अंगाला तेल लावलेली मंडळी कुडकुडत बसतात आणि घरात ठराव पास होतो: यंदा गीझर घ्यायचाच. पाडव्याला कुणीतरी दुकान गाठतं. दुकानदार विचारतो, ‘‘किती लिटरचा दाखवू?’’ या प्रश्नाचं उत्तर दुकानात उभं राहून सापडत नाही. ते घरी असतं. माणसं किती, न्हाणी कुठे, गच्ची कुणाच्या वाट्याची, वायरिंग कधीचं, पाणी नळाचं की बोअरचं, यावर ते ठरतं.

गांधीबागेत तर हे प्रश्न टाळताच येत नाहीत. तळमजल्यावर कापडाचं दुकान, पहिल्या मजल्यावर तागे आणि गठ्ठे, त्याच्या वर घर, अशी इथली कित्येक घरं. भिंतीला भिंत लागलेली. जिन्याखाली काढलेली न्हाणी, तिला धड खिडकी नाही. एका घराचे तीन भावांत तीन मजले झालेले, गच्ची मात्र सामाईक. महाल, इतवारी, चितार ओळ या बाजूलाही थोड्याफार फरकाने हेच चित्र. मनीषनगरातल्या नव्या फ्लॅटमध्ये जे यंत्र सुखाने चालतं, तेच इथे अडचणीचं आणि कधीकधी जिवावरचं ठरतं. म्हणून खरेदीची सुरुवात दुकानापासून करू नका, आपल्याच घराच्या पाहणीपासून करा.

तापवायचं आहे किती?

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात. एवढ्या दोन आकड्यांवर अख्ख्या घराचा हिशेब बसतो.

डिसेंबरातल्या पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १५ अंशांचं धरू. आंघोळीला ४० अंश पुरे होतात. म्हणजे २५ अंशांची वाढ. बादली १८ लिटरची धरली तर १८ गुणिले २५, म्हणजे ४५० किलोकॅलरी. एका बादलीला साधारण अर्धं युनिट. हे एक माप लक्षात ठेवलं की पुढची निम्मी गणितं तोंडी सुटतात. पाच माणसांच्या पाच बादल्यांना अडीच-पावणेतीन युनिटं, वाया जाणारी उष्णता धरून रोजची तीन.

मग दुसरी मोजणी वेळेची. दुकान दहाला उघडायचं असेल, मुलांची शाळा सातची असेल, तर घरातल्या आंघोळी दोन टप्प्यांत होतात आणि लहान यंत्रही पुरतं. सगळ्यांना आठच्या आतच आवरायचं असेल तर मोठं लागतं. तिसरी मोजणी सवयीची. शॉवरखाली मिनिटाला आठ लिटर पाणी पडत असेल तर सहा मिनिटांत ४८ लिटर संपतात. एकाच्या शॉवरमध्ये अडीच बादल्यांहून जास्त पाणी गेलं. घरात शॉवर घेणारे किती आणि बादलीवाले किती, हे विचारून घ्या.

चौथी गोष्ट हंगामाची, आणि नागपूरकरांनी तिलाच सगळ्यात जास्त वजन द्यावं. पुण्या-नाशिकची माणसं जवळपास वर्षभर कोमट पाणी घेतात. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने खरे थंडीचे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी इतकं तापलेलं असतं की आंघोळीसाठी ते रात्रीच भरून ठेवावं लागतं. थंडी मात्र आली की कसर ठेवत नाही. २९ डिसेंबर २०१८ला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. थोडक्यात, गरज चार महिन्यांची, पण त्या चार महिन्यांत ती टाळता येण्यासारखी नाही. वर्षभर वापराच्या हिशेबाने केलेल्या जाहिराती इथे जशाच्या तशा लागू होत नाहीत.

घराची पाहणी

*वीज.* दोन किलोवॉटचा गीझर साधारण पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो, तीन किलोवॉटचा तेरा. त्यासाठी १६ अँपिअरचा पॉवर प्लग, मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची वायर (दोन किलोवॉटला अडीच चौरस मिलिमीटर, तीनला चार) आणि तिचा वेगळा एमसीबी हवा. कुलरचा प्लग हिवाळ्यात रिकामाच असतो म्हणून त्यात गीझर खोचू नका. कुलर दोनशे वॉटच्या आसपास वीज खातो, गीझर त्याच्या दहापट. एसीसाठी काढलेली १६ अँपिअरची लाइन न्हाणीजवळून जात असेल तर इलेक्ट्रिशियनकडून तपासून ती वापरता येईल.

जुन्या घरात अजूनही लाकडी पट्टीवरचं अ‍ॅल्युमिनियमचं वायरिंग दिसतं. त्यावर गीझर चढवायचाच नाही. अर्थिंगचंही तसंच. पूर्वी अर्थिंगची तार लोखंडी नळाच्या पाइपला बांधून मोकळे व्हायचे. आता तो पाइप अर्ध्यात कापून पुढे प्लास्टिकचा जोडला गेला आहे. तार दिसते, पण अर्थिंग राहिलेलं नाही. ते मोजून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. गळती होताच तो वीज तोडतो. ओल्या अंगाच्या माणसाला वाचवणारी ही वस्तू गीझरच्या किमतीच्या मानाने स्वस्त आहे.

बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, तोही पाहा. दुकानाचं मीटर वेगळं आणि घराचं वेगळं असेल तर घराचा गीझर घराच्याच मीटरवर ठेवा. दुकानाच्या मीटरचा दर व्यापारी असतो, तो महाग पडतो.

*पाणी.* महापालिकेचं पाणी पेंच आणि कन्हानचं. त्यात क्षार त्या मानाने कमी. बोअरच्या किंवा वाड्यातल्या जुन्या विहिरीच्या पाण्याची गोष्ट वेगळी. ज्या गंजात रोज पाणी तापतं त्याच्या तळाशी पांढरा थर धरत असेल तर पाणी जड आहे असं समजा. हाच थर गीझरच्या कॉइलवर आणि सोलरच्या नळ्यांत बसतो.

*उंची.* टाकी गच्चीवर आणि न्हाणी त्याच्याच खाली, वरच्या मजल्यावर असेल तर पाण्याला जोर नसतो. दहा मीटर उंचीवरून पाणी उतरलं तर एक बार दाब मिळतो. दोन-अडीच मीटरवरून जेमतेम पाव बार. एवढ्या दाबावर काही यंत्रं चालूच होत नाहीत. उलट टाकी नसताना टिल्लू पंपाचं पाणी थेट गीझरला जोडणंही वाईट. दाब एकदम चढतो, एकदम उतरतो आणि गीझरच्या टाकीचे सांधे दमतात.

*हवा.* न्हाणीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का? नसेल तर पुढच्या यादीतला एक पर्याय आत्ताच बाद करा.

बंब: शोभेला उत्तम, रोजच्याला विचारपूर्वक

तांब्याचा बंब पुन्हा लोकांच्या मनात भरू लागला आहे. पुण्याची तांबट आळी बंबांसाठी ओळखली जाते. आपल्याकडे इतवारीच्या भांडीबाजारात विचारणा केली तर जुने-नवे दोन्ही मिळतात. त्याची रचना मोठी हुशारीची. पोटातून उभी नळी गेलेली, तिच्यात निखारा, भोवती पाणी. खाली जाळी, जाळीखाली राखेची जागा. वरून बंबफोड टाकायची. नळीतून वर चढणारा जाळ आणि धूर जाता जाता चहूकडचं पाणी तापवतो. एका बाजूने तापलेलं पाणी तोटीतून काढायचं आणि जेवढं काढलं तेवढं गार पाणी वरून ओतायचं, म्हणजे शेवटच्या माणसापर्यंत पुरवठा चालू.

नियम एकच, पण कडक: आधी काठोकाठ पाणी, मग काडी. पाणी नसताना जाळ झाला तर सांधे सुटतात आणि बंब कायमचा गळका होतो. विझवायचा झाला तरी निखारे काढेपर्यंत पाणी कमी होऊ द्यायचं नाही.

अंगणवाल्या घराला, शेतावरच्या बंगल्याला, कोंढाळी-काटोलकडच्या गावच्या घराला बंब शोभतोही आणि परवडतोही. गांधीबागेत कापडाच्या गठ्ठ्यांवरच्या मजल्यावर तो पेटवू नका. उडालेली एक ठिणगी, लाकडी तुळई आणि खाली सुती माल हा मेळ कुणालाच नको. धुराचा त्रासही शेजारच्या गॅलरीत जातो. वाड्यात मोकळा चौक उरला असेल आणि वर आभाळ दिसत असेल, तरच विचार करा.

रॉड: फक्त नाइलाज

भाड्याच्या खोलीत राहणारी मुलं आणि बाहेरगावाहून दुकानांत कामाला आलेली माणसं हमखास रॉड वापरतात. दीड किलोवॉटचा रॉड बादलीभर पाणी वीस-बावीस मिनिटांत तापवतो. बादलीला अर्धं युनिट हा हिशेब त्यालाही लागू, त्यामुळे तो विजेत स्वस्त किंवा महाग नाही. प्रश्न जिवाचा आहे. आयएसआय मार्कचा, आयएस ३६८ लिहिलेलाच घ्या. बादली प्लास्टिकची असू द्या, लोखंडी नको. रॉडवरच्या खुणेपर्यंत पाणी असल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आणि पाणी तापलं का ते बोट घालून पाहायचं तर आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग बोट. लहान मुलं असलेल्या घरात हा पर्याय नकोच.

साठवणीचा गीझर: बहुतेक घरांचं उत्तर

टाकी असलेल्या विजेच्या गीझरबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज लिटरचा आहे. १५ लिटरचा गीझर म्हणजे बादलीपेक्षाही लहान, मग पाच माणसांना कसा पुरणार, असं वाटतं. पण आतलं पाणी ६० अंशांचं असतं. त्यात १५ अंशांचं गार पाणी मिसळून ४० अंशांचं केलं की १५ लिटरचे २७ होतात, म्हणजे दीड बादली. २५ लिटरचे ४५ होतात, म्हणजे अडीच बादल्या. ही झाली सुरुवातीची शिल्लक. त्यानंतर दोन किलोवॉटची कॉइल तासाला चार बादल्यांचा भरणा करत राहते, टाकी कोणतीही असो.

यावरून निवड सोपी होते. चार-पाच माणसं, बादलीच्या आंघोळी, तास-दीड तासात आवरलं तर चालतं, अशा घराला १५ लिटर पुरतो. अर्धा तास आधी बटण दाबा, सुरुवातीचं पाणी २५ मिनिटांत तयार होतं. शॉवर असेल किंवा एकामागून एक आंघोळी लागत असतील तर २५ लिटर घ्या. त्याहून मोठा घेण्याआधी दोन न्हाण्यांत दोन लहान गीझर बसतात का ते पाहा. पाइप आखूड राहतो आणि एक बिघडला तरी घर अडत नाही.

साठवणीच्या गीझरवर बीईईचे तारे असतात. ते तारे पाणी किती लवकर तापतं याचे नाहीत. तापलेलं पाणी बंद टाकीत पडून असताना किती उष्णता बाहेर जाते, त्याचे आहेत. दिवसभर गीझर चालू ठेवणाऱ्याला पाच ताऱ्यांचा फायदा जास्त. अर्धा तास आधी लावून नंतर आठवणीने बंद करणाऱ्याला तीन आणि पाच ताऱ्यांत फार फरक जाणवणार नाही. यंत्रावर आयएस २०८२ असल्याची खात्री करा.

बोअरचं पाणी असेल तर टाकीच्या आतल्या अस्तराबद्दल विचारा. काचेचा लेप दिलेल्या टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो. क्षारांचा आणि गंजाचा मार तो स्वतःवर घेतो आणि झिजत जातो. दर दोन-तीन वर्षांनी तो बदलावा लागतो. तो मिळतो का, बदलायला माणूस येतो का, हे बिल फाडण्याआधी विचारा.

झटपट गीझर: एकट्या-दुकट्याचा

तीन लिटरचा, तीन किलोवॉटचा छोटा गीझर ‘लगेच पाणी’ देतो असं म्हणतात. देतो, पण धार बारीक. तीन किलोवॉटमधून २५ अंशांची वाढ हवी असेल तर मिनिटाला पावणेदोन लिटरपेक्षा जास्त गरम पाणी निघत नाही. बादली भरायला दहा मिनिटं. म्हातारा-म्हातारी दोघंच असतील, किंवा भांडी घासायला कोमट पाणी हवं असेल, तर उत्तम. नळालाच लावायचा स्वस्त हीटर, ज्याच्यावर कोणताही मार्क नाही, तो मात्र कितीही मोह झाला तरी घेऊ नका.

गॅस गीझर: खिशाला हलका, पण हवा मागतो

मिनिटाला सहा लिटरचा गॅस गीझर तीन मिनिटांत बादली भरतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण दीड लाख किलोकॅलरी असतात. त्यातला पाचवा भाग वाया धरला तरी एका सिलिंडरमध्ये पावणेतीनशेच्या आसपास बादल्या निघतात. वेग आणि खर्च या दोन्हींत मोठ्या कुटुंबाला हा पर्याय भुरळ घालतो.

आता दुसरी बाजू. ज्योत जळते ती न्हाणीतल्या हवेवर. दार बंद, खिडकी नाही, वाफ कोंडलेली. अशात प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं आणि दाराची कडी काढायच्या आत माणूस खाली बसतो. न्हाणीत गॅस गीझरमुळे जीव गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात महाराष्ट्रात कुठून ना कुठून येतात, त्या याच कारणाने.

म्हणून गॅस गीझरचं यंत्र न्हाणीत नको. ते मोकळ्या गॅलरीत किंवा मागच्या उघड्या पॅसेजमध्ये लावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. वरून पत्रा टाकून बंद केलेला डक्ट मोकळी जागा नव्हे. ज्योत निळी हवी. पिवळी, फडफडणारी दिसली की यंत्र बंद करून दुरुस्तीवाल्याला बोलवा. वरच्या मजल्यावर पाण्याला जोर नसेल तर गीझर पेटतच नाही, त्यामुळे कमी दाबावर चालणारं मॉडेल मागा किंवा टाकी उंच स्टँडवर चढवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. सिलिंडर जमिनीखालच्या खोलीत किंवा जिन्याखालच्या कोंदट जागेत ठेवू नका. रबरी नळी आयएसआय मार्कची घ्या आणि तिच्यावरची मुदत पाळा.

कुणाला न्हाणीत चक्कर आली तर आधी दार उघडून त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ला फोन लावा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक सिलिंडरजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा.

सोलर: गच्ची असेल तर

ऊन ही नागपूरची दौलत. डिसेंबर-जानेवारीत आभाळ बहुतेक स्वच्छ असतं, म्हणजे गरज असते तेव्हाच ऊनही असतं. १०० लिटरच्या सोलरमधलं ५५-६० अंशांचं पाणी रात्रीची घट धरूनही सात-आठ बादल्या सहज देतं.

नळ्या काचेच्या घ्याव्यात की सपाट पॅनेल? काचेच्या नळ्यांचं सोलर स्वस्त. नळ्या रुंद असल्याने जड पाण्याचे क्षार बसले तरी त्या लवकर तुंबत नाहीत. सपाट पॅनेलमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या असतात, त्या बोअरच्या पाण्याने भरून येतात. तिथे हीट एक्स्चेंजरवालं मॉडेल लागतं. पण वरची काच टणक असते. विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते आणि संक्रांतीला गांधीबागेच्या गच्च्यांवर पतंगांमागे पोरं धावतात, हे दोन्ही ध्यानात घेऊन निवड करा. नळ्याच घेतल्या तर त्यांच्याभोवती कमरेएवढं कुंपण करा.

तोंड दक्षिणेला, उतार ३० ते ३५ अंशांचा. नागपूर २१ अक्षांशावर आहे आणि आपल्याला हिवाळ्यातलं खाली उतरलेलं ऊन पकडायचं आहे, म्हणून उतार अक्षांशापेक्षा थोडा जास्त. घेण्याआधी एक काम करा. डिसेंबरातल्या एखाद्या सुटीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला गच्चीवर जाऊन पाहा. शेजारच्या चौथ्या मजल्याची सावली कुठवर येते, तिथे खडूने रेघ मारा. तिन्ही वेळा उन्हात राहणारी दोन चौरस मीटर जागा सापडली तर सोलर घ्या. नाही सापडली तर पैसे वाचवा.

गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी. गच्चीच्या फरशीवर ठेवलेली काळी टाकी चालत नाही, तिला सात-आठ फुटांचा स्टँड लागतो. भरलेल्या सोलरचं वजन दीडशे-दोनशे किलो होतं. कवेलूच्या किंवा पत्र्याच्या छपरावर ते चढवता येत नाही, आणि जुन्या स्लॅबवर चढवायचं तर ते भिंतीच्या किंवा तुळईच्या डोक्यावर यायला हवं.

पाइपाचा हिशेबही पाहा. गच्चीपासून पहिल्या मजल्याच्या न्हाणीपर्यंत १५ मीटर पाऊण इंची पाइप गेला, तर त्यात चार लिटर गार पाणी उभं असतं. दर वेळी तेवढं आधी बादलीत काढावं लागणार. गरम पाण्याच्या पाइपाला फोमचं आवरण घालून घ्या. रात्री भांड्यांना गरम पाणी उपसलं तर तेवढंच गार पाणी टाकीत शिरतं आणि सकाळी कोमटावर भागवावं लागतं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. उन्हाळ्यात पॅनेलवर ताडपत्री टाका, नाहीतर पाणी उकळत राहतं.

सामाईक गच्ची असेल तर भावाभावांत आधी कागदावर ठरवा. आता आणखी एक दावेदार आहे. फेब्रुवारी २०२४पासून प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत छतावरच्या विजेच्या पॅनेलला १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. ती पॅनेल वर्षभर कामाची, पाण्याचं सोलर मुख्यतः चार महिन्यांचं. उन्हाची जागा थोडी असेल तर आधी विजेची पॅनेल आणि त्यांच्या विजेवर साधा गीझर, हाच मार्ग शहाणपणाचा.

एकत्र कुटुंब पंधरा माणसांचं असेल किंवा इमारतीत मुलींचं वसतिगृह चालत असेल तर हीट पंपाची चौकशी करा. तो हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो आणि एका युनिटात जवळपास तीन युनिटांचं काम करतो. किंमत जास्त आहे, त्यामुळे पाच माणसांच्या घरात पैसे फिटत नाहीत.

पैशांचा हिशेब

दर बदलत राहतात, म्हणून पद्धत शिका. समजा पाच बादल्या, १२० दिवस, म्हणजे हंगामाला ६०० बादल्या. विजेवर साधारण साडेतीनशे युनिटं. विजेचं बिल १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतं, आणि गीझरची युनिटं तुमच्या वापराच्या वरच्या टोकाला लागतात. म्हणून सरासरी दर धरू नका, बिलातल्या शेवटच्या टप्प्याचा दर धरा. तो सगळे आकार मिळून १० रुपये धरला तर हंगामाचे ३,५०० रुपये. गॅसवर सव्वादोन सिलिंडर. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर २,००० रुपये. सोलरला २५ हजार लागले आणि वर्षाला ३,५०० वाचले, तर पैसे फिटायला सात वर्षं. घरात आजारी किंवा वयस्क माणूस असेल आणि दहा महिने कोमट पाणी लागत असेल, तर तीच मुदत तीन वर्षांच्या आत येते. तुमचे आकडे घालून हाच हिशेब करा.

मग कुणी काय घ्यावं?

– दोघांचं घर, नळाचं पाणी, वायरिंग नवं: तीन लिटरचा झटपट किंवा १० लिटरचा साठवणीचा.
– चार-पाच माणसं, दुकानावरचं घर, खिडकी नसलेली न्हाणी: १५ लिटरचा साठवणीचा, आरसीसीबीसह. गॅस नाही.
– सहा ते आठ माणसं, मागे मोकळी गॅलरी, पाण्याला जोर: गॅलरीत गॅस गीझर, किंवा दोन न्हाण्यांत दोन साठवणीचे.
– स्वतःची उन्हाची गच्ची, पक्का स्लॅब, वयस्क माणसं घरात: १०० किंवा २०० लिटरचं सोलर, ढगाळ दिवसांसाठी खाली एक लहान गीझर.
– जुनं वायरिंग: यंदाचे पैसे वायरिंगला. हा हिवाळा गॅसच्या शेगडीवर पाणी तापवून काढा.

बसवताना आणि नंतर

गीझरला प्रेशर रिलीज व्हॉल्व्ह असतो. पाणी तापताना त्यातून दोन-चार थेंब गळतात. ती बिघाडाची खूण नाही, वाढलेला दाब तो बाहेर सोडत असतो. थेंब गळतात म्हणून त्याला बूच मारून घेणारे लोक आहेत. त्यांनी गीझरचा कुकर केलेला असतो, तोही शिट्टीविना. उलट तिथे एक बारीक नळी लावून ती मोरीत सोडा.

गीझर भिंतीत, विटेच्या जुन्या भिंतीत तर आरपार बोल्टने बसवून घ्या. नुसत्या प्लास्टिकच्या गिट्ट्यांवर २५ लिटर पाणी आणि टाकी टांगू नका. जोडणी कंपनीच्या माणसाकडून, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घालून. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवा. त्याखाली टाकीत जंतू वाढतात, त्यावर वीज वाया जाते. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, म्हणून मुलांच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

फेब्रुवारी संपला की गीझर बंद करून कोपऱ्यात विसरला जातो. बोअरचं पाणी असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. ऑक्टोबरात दिवाळीच्या आधी एकदा कॉइल, व्हॉल्व्ह आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण तपासून घ्या. डिसेंबरात विधिमंडळ अधिवेशनाच्या गर्दीत, ऐन थंडीत मिस्त्री मिळणं कठीण होतं. नवीन घ्यायचा असेल तर त्याच्याही आधी, सप्टेंबरात घ्या. भाव करायला वेळ असतो, बसवणारा सवडीने येतो आणि अर्थिंगचं राहिलेलं कामही त्याच फेरीत होऊन जातं. दुकानात जाताना खिशात एक चिठ्ठी ठेवा: रोजच्या बादल्या, आंघोळीची वेळ, टाकी आणि न्हाणीमधली उंची, पाणी कुठलं, बिलावरचा मंजूर भार. मग ‘‘किती लिटरचा दाखवू?’’ या प्रश्नाला तुम्हीच उत्तर द्याल, आणि दुकानदार सगळ्यात महाग डबा पुढे करण्याआधी दोनदा विचार करेल.